‘वाचेल का?’ या प्रश्नाचा मागोवा

हिपोक्रॅटिसच्या नावावर असलेल्या ‘एपिडेमिक्स’च्या तिसऱ्या भागात एका साथीची हकिगत आहे. निमित्त क्षुल्लक असायचं, बारीकशी जखम किंवा खरचटणं. तिथून लाली आणि सूज पसरत जायची आणि मग मांस, स्नायुबंध, प्रसंगी हाडंही गळून पडायची. दंडापासून मनगटापर्यंत हात उघडा पडलेले रोगी त्यात आहेत. लिहिणारा वर्णनावर थांबलेला नाही. त्याने एक ठोकताळाही देऊन ठेवला आहे: ज्यांच्यात पू धरला आणि बाहेर पडला त्यांतले बहुतेक जगले, ज्यांची सूज पू न धरताच विरली त्यांतले बहुतेक गेले. आणि हा रोग जननेंद्रियांच्या भागात उतरला तर त्याच्याइतकं वाईट काही नाही.

आपल्याकडे चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात विसर्पाचा, म्हणजे कातडीवरून पसरत जाणाऱ्या रोगाचा, स्वतंत्र अध्याय आहे. त्यातला कर्दम विसर्प वाचताना आजचा सर्जनही दचकेल. मांस चिखलासारखं होतं, बोट लावलं की फुटतं, आतल्या शिरा-स्नायू दिसू लागतात आणि प्रेतासारखी दुर्गंधी येते. सुश्रुताने तर सरळ निकालच दिला आहे. एकेका दोषाने झालेला विसर्प बरा होतो. तिन्ही दोषांचा आणि जखमेतून उद्भवलेला विसर्प बरा होत नाही.

या जुन्या वर्णनांत आजचं नेमकं कोणतं निदान दडलंय, यावर फार ताणू नये. साधं धावरं, गँगरीन आणि आज ज्याला नेक्रोटायझिंग फॅशियायटिस म्हणतात तो भयंकर प्रकार, सगळे एकाच पानावर आलेले असणार. इथे महत्त्वाचं आहे ते या ठोकताळ्यांचं काम. असाध्य रोग्याला हात घालणाऱ्या वैद्याचं धन, विद्या आणि यश तिन्ही जातात, अशी ताकीद चरकाने दिलेली आहे. म्हणजे रोगी जगेल की मरेल हे आधी ओळखायचं ते त्याला हाती घ्यायचं की नाही हे ठरवायला. भाकीत आधी, उपचार नंतर. हा क्रम उलटायला दोन हजारांहून जास्त वर्षं लागली, आणि माझ्या मते तो अजूनही पुरता उलटलेला नाही.

मोजमाप सुरू झालं ते युद्धात. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या लष्करी रुग्णालयांत ‘हॉस्पिटल गँगरीन’ने थैमान घातलं. जखम बरी होत आलेली असायची आणि एका रात्रीत तिच्या कडा राखाडी पडून ती दुप्पट व्हायची. या युद्धातल्या २६४२ रुग्णांचा आणि त्यांतल्या सुमारे ४६ टक्के मृत्यूंचा आकडा वैद्यकीय लेखांत जोसेफ जोन्स या दक्षिणेकडच्या लष्करी डॉक्टरच्या नावाने दिला जातो. जोन्स चिकित्सक माणूस. १८६४ मध्ये तो अँडरसनव्हिलच्या कुप्रसिद्ध युद्धकैदी छावणीत गेला होता तो रोगांचा अभ्यास करायला. युद्ध संपल्यावर त्याच अभ्यासाचा अहवाल छावणीचा प्रमुख हेन्री वर्झ याच्याविरुद्धच्या खटल्यात पुरावा म्हणून वापरला गेला.

उत्तरेकडच्या सैन्यात मिडलटन गोल्डस्मिथ नावाचा सर्जन होता. लुइव्हिलच्या रुग्णालयात तो रोग्याला भूल देऊन जखमेतलं मेलेलं मांस कापून, खरवडून काढायचा आणि उरलेल्या जागेवर ब्रोमीन लावायचा. ब्रोमीन म्हणजे कातडी जाळणारं लालसर तपकिरी द्रव. १८६३ मध्ये त्याने अहवाल छापला तेव्हा या पद्धतीने हाताळलेल्या तीनशेच्या आसपास रोग्यांतले तीन टक्क्यांहून कमी दगावले होते. हा आकडा इतका चांगला आहे की तो तसाच गिळू नये. सौम्य जखमाही त्यात धरल्या गेल्या असतील. पण एक गोष्ट नजरेतून सुटता कामा नये. श्रेय ब्रोमीनला मिळालं, आणि ब्रोमीन लावण्याआधी चाललेल्या सुरीचं नाव मात्र मागे पडलं. या रोगाच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा घडलेलं आहे. औषधांचा बोलबाला होतो, सुरी गृहीत धरली जाते.

पुढे ब्रिटिश सर्जन लिस्टरची जंतुनाशक पद्धत आली, डॉक्टर हात धुऊ लागले आणि रुग्णालयातलं गँगरीन ओसरलं. रोग मात्र गेला नाही, फक्त दुर्मीळ झाला. १८८३ मध्ये पॅरिसच्या आल्फ्रेद फूर्निए यांनी पाच तरुणांच्या जननेंद्रियांवर अचानक धडकलेल्या गँगरीनचं वर्णन केलं. धडधाकट तरुण, अचानक सुरुवात, कारण अज्ञात, ही त्यांनी सांगितलेली खूण. आज ‘फूर्निए गँगरीन’ म्हणून दाखल होणारे रुग्ण बहुतेक उतारवयातले आणि मधुमेही असतात, आणि शोधलं तर कारणही बहुधा सापडतं. नाव तेवढं टिकलं.

मग येतं १९२४ साल आणि पेकिंग. रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून उभ्या राहिलेल्या पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजमध्ये फ्रँक मेलेनी हा अमेरिकन सर्जन होता. त्याने २० रुग्णांची तपशीलवार नोंद छापली. आधी एखाद्या बारीक जखमेभोवती सूज आणि आग, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कातडीवर निळसर-काळपट डाग, मग फोड, मग खालचं सगळं मेलेलं. जखमेतून वाढवलेला जंतू होता रक्त विरघळवणारा स्ट्रेप्टोकॉकस. मेलेनीने काय केलं? कातडीखाली जिथपर्यंत रोग पोचलाय तिथपर्यंत लांबच लांब छेद घेतले आणि सगळं मोकळं केलं. वीसपैकी चार गेले. २० टक्के.

हे १९२४ आहे. पेनिसिलिन अजून सापडलेलं नाही, आजच्यासारखे अतिदक्षता विभाग नाहीत. आणि शंभर वर्षांनंतर जगभरच्या अहवालांत मृत्यूचं प्रमाण १५ ते ३० टक्क्यांच्या दरम्यानच घुटमळतं. अर्थात दोन्ही आकडे शेजारी ठेवताना जपायला हवं. मेलेनीचे रुग्ण एकाच जंतूचे होते. आज दाखल होणाऱ्यांत मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार, वार्धक्य यांची भर आहे, आणि पूर्वी जे घरीच गेले असते ते आता रुग्णालयात पोचून आकड्यात येतात. तरीही मेलेनीच्या विसांपुढे अँटिबायोटिक्सचा सगळा डामडौल थोडा ओशाळतो. (हाच मेलेनी पुढे न्यूयॉर्कला गेला. तिथे एका जखमी मुलीच्या जखमेतल्या जिवाणूपासून त्याने आणि सहकाऱ्यांनी बॅसिट्रासिन हे औषध शोधलं, आणि तिच्या आडनावावरून त्याचं नाव ठेवलं. आपल्या घरोघरी असलेल्या निओस्पोरिन पावडरीत ते असतं.)

१९५२ मध्ये बी. विल्सन या सर्जनने ‘नेक्रोटायझिंग फॅशियायटिस’ हे नाव दिलं. जंतू कोणताही असो, मरतो तो फॅशिया, म्हणजे कातडीखालच्या चरबीच्या आणि स्नायूच्या मधला पातळ पडदा, हे त्याने मांडलं. आता फक्त याच पडद्यापुरतं न बोलता चरबी, फॅशिया, स्नायू सगळ्यांना कवेत घेणारं व्यापक नाव वापरतात. पण रोगाची चाल कळायला फॅशिया समजून घ्यावाच लागतो. या पडद्याच्या वाटेने संसर्ग तासागणिक सरकतो. चौकटीला वाळवी लागावी, वरून रंग शाबूत दिसावा, तशी कातडी वरून बरी दिसत राहते. आतल्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, रक्त पोचत नाही, म्हणून शिरेतून दिलेलं अँटिबायोटिकही तिथे पोचत नाही. नसा मरेपर्यंत वेदना असह्य असते. नसा मेल्या की दुखणं थांबतं, आणि घरच्यांना वाटतं उतार पडला.

योगायोग असा की त्याच १९५२ मध्ये हॅरी ईगल याने उंदरांवरचे प्रयोग छापले. स्ट्रेप्टोकॉकसचा संसर्ग झाल्याबरोबर पेनिसिलिन दिलं तर उंदीर वाचतात, काही तास उशीर केला तर तेच औषध निकामी ठरतं. पेनिसिलिन वाढणाऱ्या जंतूच्या भिंतीवर घाव घालतं, पण एकदा जंतूंची गर्दी झाली आणि वाढ मंदावली की घाव घालायला काही उरत नाही. १९८८ मध्ये डेनिस स्टीव्हन्स यांनी तशाच उंदरांत क्लिंडामायसिन उशिरानेही काम करतं हे दाखवलं, कारण ते जंतूचं प्रथिन बनवणंच रोखतं आणि विषही त्यातच बंद पडतं. तेव्हापासून या रोगात क्लिंडामायसिन बहुधा जोडीला असतं.

सामान्य माणसाला हा रोग कळला तो १९९४ मध्ये. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशरमध्ये काही रुग्ण लागोपाठ आढळले आणि तिथल्या वृत्तपत्रांनी ‘मांस खाणारा जंतू’ अशी ओरड केली. त्याच वर्षअखेरीस कॅनडातले क्वेबेकचे नेते ल्युसिआँ बूशार यांचा डावा पाय या रोगात कापावा लागला. क्वेबेकच्या स्वातंत्र्यावरच्या १९९५ च्या सार्वमतात ते काठीच्या आधाराने प्रचाराला उभे राहिले आणि १९९६ मध्ये क्वेबेकचे पंतप्रधान झाले. जंतू खरं तर मांस खात नाही, तो विष सोडून रक्तपुरवठा तोडतो. पण त्या मथळ्यांनी एक बरं केलं: अपघात विभागातल्या तरुण डॉक्टरच्या मनात संशय पेरला.

१९९५ साल या मागोव्यात कळीचं आहे. अमेरिकेतल्या मॅकहेन्री आणि सहकाऱ्यांनी ६५ रुग्णांचा लेखाजोखा मांडला. जे वाचले त्यांची पहिली शस्त्रक्रिया दाखल झाल्यापासून सरासरी २५ तासांत झाली होती. जे गेले त्यांची ९० तासांनी. त्याच वर्षी लाओर आणि सहकाऱ्यांनी फूर्निए गँगरीनसाठी एक तीव्रता-निर्देशांक काढला. ताप, नाडी, श्वास, सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण (हेमॅटोक्रिट), पांढऱ्या पेशी आणि बायकार्बोनेट या नऊ गोष्टींना गुण द्यायचे. बेरीज ९ च्या वर गेली तर मृत्यूची शक्यता ७५ टक्के, ९ किंवा खाली असली तर जगण्याची ७८ टक्के. आधार होता फक्त ३० रुग्णांचा. एकाच वर्षी निघालेल्या या दोन वाटा आहेत. एक म्हणते घड्याळ बघा, दुसरी म्हणते रिपोर्ट बघा. संशोधनाला दुसरी जास्त भावली, कारण रिपोर्ट मोजता येतात. पहाटे दोन वाजता सर्जनला झोपेतून उठवायचं की नाही, याचं कोष्टक बनत नाही.

सिंगापूरच्या चिन-हो वाँग यांनी हे कोष्टक बनवायचा प्रयत्न केला, आणि त्याबद्दल त्यांचं ऋण मानायला हवं. २००३ मध्ये त्यांच्या गटाने ८९ रुग्णांचा अभ्यास छापला. दाखल होताना यांतल्या फक्त १३ जणांचं निदान बरोबर झालं होतं. बाकी साऱ्यांना आधी ‘साधी सूज’, ‘सेल्युलायटिस’, ‘गळू’ अशी नावं मिळाली. २४ तासांहून जास्त उशीर हाच मृत्यूशी ठळकपणे जोडलेला घटक निघाला. मग २००४ मध्ये आला ‘लरिनेक’ स्कोअर. सहा साध्या चाचण्या. सीआरपी (दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन) १५० किंवा त्यापुढे गेला की ४ गुण. पांढऱ्या पेशी १५ हजारांपासून १ आणि २५ हजारांच्या वर २. हिमोग्लोबिन १३.५ च्या खाली १, ११ च्या खाली २. सोडियम १३५ च्या खाली २, क्रिएटिनिन १.६ च्या वर २, साखर १८० च्या वर १. एकूण १३. बेरीज ६ झाली की संशय, ८ झाली की दाट संशय. सुरुवातीच्या अभ्यासात ६ च्या रेषेने ९२ टक्के वेळा खरं सांगितलं आणि ६ च्या खाली ९६ टक्के वेळा ‘नाही’ हे बरोबर ठरलं. स्कोअर जगभर पसरला, डॉक्टरांच्या मोबाइलवर आला.

पुढचं मोहभंगाचं आहे. २०१९ मध्ये फर्नांडो आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा ६ च्या रेषेने रोग असलेल्यांपैकी ६८ टक्केच पकडले जातात असं दिसलं. म्हणजे शंभरातले बत्तीस निसटतात. याच आढाव्यात ताप फक्त ४६ टक्के रुग्णांत होता, रक्ताचे फोड २५ टक्क्यांत आणि खालावलेला रक्तदाब २१ टक्क्यांत. पुस्तकातलं ठळक चित्र दिसेपर्यंत थांबलं तर निदान होतं, पण वेळ गेलेली असते.

आपल्याकडच्या रुग्णाला हा स्कोअर लावून पाहा. हिमोग्लोबिन साडेदहा, साखर सव्वादोनशे, मूत्रपिंड थोडं थकलेलं म्हणून क्रिएटिनिन १.८. अशी मधुमेही बाई पायाला काहीही झालेलं नसताना ५ गुण घेऊन दारात उभी असते. साध्या सेल्युलायटिसलाही तिचा आकडा सहज ६ ओलांडेल. उलट पंचविशीतला धट्टाकट्टा शेतमजूर, काटा लागल्यावर सहा तासांतच वेदनेने कळवळत आलेला, याचे सगळे रिपोर्ट जवळजवळ नॉर्मल असू शकतात, कारण शरीराने अजून प्रतिसादच दिलेला नसतो. त्याच्या कागदावर १ गुण पाहून ‘सकाळी बघू’ म्हणणं हा स्कोअरचा सर्वांत घातक उपयोग. संशय वाढवायला तो वापरावा, संशय मिटवायला नाही.

मृत्यूचं भाकीत करणारे स्कोअरही पुढे येत राहिले. अनाया आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ३५० रुग्णांवरून वय, नाडी, तापमान, पांढऱ्या पेशी, क्रिएटिनिन आणि हेमॅटोक्रिट असे सहा घटक धरले. २ पर्यंत गुण असतील तर मृत्यू ६ टक्के, ३ ते ५ ला २४ टक्के, ६ आणि वर ८८ टक्के. २०१३ मध्ये अमेरिकेच्या शस्त्रक्रिया-नोंदींतल्या १३९२ रुग्णांवरून आणखी एक गणक निघाला. आकडे सुबक आहेत. रुग्णालयांची तुलना करायला, संशोधनात समान रुग्ण निवडायला ते उपयोगी पडतात. आयसीयूच्या बाहेर बसलेल्या मुलाने ‘डॉक्टर, बाबा वाचतील का?’ विचारलं तर प्रामाणिक उत्तर द्यायलाही थोडीफार मदत होते. पण हे सगळे आकडे आले ते शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांतून. ८८ टक्क्यांच्या गटातले जे १२ टक्के वाचले ते सुरी चालली म्हणूनच वाचले असणार. न कापता काय होईल, याचं उत्तर त्या कोष्टकात नाही. तेव्हा गुण जास्त आले म्हणून ‘आता काही उपयोग नाही’ असं कुणी म्हणत असेल, तर तो चरकाच्या काळातल्या ताकिदीकडे परत गेला असं समजावं. आजाराबरोबर माणूस किती खचला आहे, घरच्यांची आणि त्याची स्वतःची इच्छा काय, यावरून शस्त्रक्रिया न करण्याचा निर्णय होऊ शकतो. पण तो रुग्णाशी आणि घरच्यांशी झालेल्या बोलण्यातून व्हावा, बेरजेतून नव्हे.

निदानाची खात्री हवी तर सीटी स्कॅन मदत करतो. फर्नांडोंच्याच आढाव्यात त्याची पकड ८८ टक्क्यांच्या वर होती. पण अस्थिर रुग्णाला स्कॅनच्या रांगेत ठेवण्यापेक्षा जागा बधिर करून दोन सेंटिमीटरचा छेद घेणं बरं. बोट फॅशियाच्या पातळीवर विरोधाशिवाय सरकतं, रक्त येत नाही, भांडी धुतल्यावरच्या पाण्यासारखं करडं पाणी वाहतं, आणि तिथेच निदान होतं. मग मेलेलं सगळं, रक्त वाहणारी निरोगी कड लागेपर्यंत कापायचं. साधारण चोवीस तासांच्या आत पुन्हा उघडून पाहायचं, आणि गरज पडली तर पुन्हा कापायचं.

बाकीच्या उपचारांची कहाणी थोडक्यात आटपते. १९६० च्या दशकात आम्सटरडॅमहून दाबाखालच्या ऑक्सिजनची टूम निघाली. ती अजून चालू आहे, पण तिच्या बाजूने भक्कम यादृच्छिक चाचणी आजही नाही. शिरेतून द्यायचं महागडं इम्युनोग्लोब्युलिन कोपनहेगनमध्ये १०० रुग्णांवर तपासलं गेलं. २०१७ च्या निकालात फायदा दिसला नाही. शस्त्रक्रियेनंतर जखमेला निर्वात पट्टी लावणं मात्र सर्वत्र रुळलं, कारण ड्रेसिंगचे हाल त्याने कमी झाले. आणि २०२० मध्ये नाविन आणि सहकाऱ्यांनी जगभरचे अभ्यास गोळा करून काढलेला निष्कर्ष हा: दाखल झाल्यापासून सहा तासांत शस्त्रक्रिया झाली तर मृत्यू १९ टक्के, त्यानंतर झाली तर ३२ टक्के. मेलेनीच्या पेकिंगमधल्या वीस टक्क्यांच्या किती जवळ!

जगलेल्यांची बाजू या स्कोअरमध्ये येत नाही. पाय गमावलेला, मांडीवरची कातडी काढून पोटावर लावलेला, महिनोन् महिने फिजिओथेरपी घेणारा माणूस आकड्यात फक्त ‘जिवंत’ म्हणून मोजला जातो. उशिराची किंमत तोही मोजतच असतो.

भारतात २०२३ च्या आयसीएमआर अभ्यासानुसार सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. तेव्हा हे वाचणाऱ्यांच्या घरात एखादा तरी असणारच. अशा माणसाच्या पायाला, मांडीला किंवा गुह्यांगाजवळ बारीक जखम झाली आणि दिसतंय त्यापेक्षा कितीतरी जास्त दुखायला लागलं, तर लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारा आणि वेळ लिहा. तासा-दोन तासांत लाली रेघ ओलांडून गेली, कातडी काळीनिळी पडली, फोड आले किंवा अचानक बधिर झाली, तर शेक, लेप, वेदनाशामक गोळ्या यांत वेळ घालवू नका. रात्र असली तरी सर्जन आणि ऑपरेशन थिएटर असलेल्या रुग्णालयात जा, आणि तिथे स्पष्ट विचारा: ‘हे फॅशियायटिस नाही ना?’